रिपोर्टचा आकडा हलला नाही, मग धाप कमी कशी झाली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ६४ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या गावी राहतात. विडी-सिगारेटचा संबंध नाही, पण लग्न झाल्यापासून स्वयंपाक चुलीवर. दोन वर्षांपूर्वी चढावर धाप लागायची, पुढे अंगण झाडतानाही लागू लागली. तपासणीत सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकायच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा औषधाआधी ०.८४ लिटर आणि औषधानंतर ०.८९ लिटर. फरक जेमतेम ५० मिलिलिटरचा. खाली शेरा, 'लक्षणीय सुधारणा नाही'. तरी डॉक्टरांनी टायोट्रोपियम हे रोज ओढायचं औषध सुरू केलं आणि दीड महिन्यात आई देवळापर्यंत न थांबता जाऊन येऊ लागल्या. तुम्ही विचारलंय की खरा कोण, रिपोर्ट की आई? आणि औषधाने फुप्फुस सुधारतच नसेल तर ते जन्मभर का घ्यायचं?

दोघंही खरे आहेत. छातीच्या विकारांच्या ओपीडीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज समोर येतो, आणि त्याच्या मुळाशी जवळपास सगळ्यांची एकच समजूत असते. औषधाने नळी उघडते आणि हवा आत शिरते, असं लोकांना वाटतं. सीओपीडीत अडचण हवा आत घ्यायची नसतेच. आत गेलेली हवा वेळेत बाहेर पडत नाही, ही अडचण असते. औषध काम करतं ते इथे. पहिल्या सेकंदाच्या आकड्यात हे काम फार थोडं दिसतं.

तुम्ही जोडलेल्या रिपोर्टच्या फोटोत वरची ओळ बघा. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन अगदी शेवटपर्यंत बाहेर काढलेली एकूण हवा. औषधाआधी १.५२ लिटर, औषधानंतर १.७७. तिथे २५० मिलिलिटर वाढ आहे, सोळा टक्क्यांहून जास्त. आधी जी पाव लिटर हवा छातीत अडकून पडत होती, ती बाहेर येऊ लागली. गंमत बघा, याच वाढीमुळे रिपोर्टच्या तिसऱ्या ओळीतलं गुणोत्तर, म्हणजे पहिल्या सेकंदाची हवा भागिले एकूण हवा, घसरलेलं दिसतं. ०.८४ भागिले १.५२ म्हणजे ५५ टक्के, आणि ०.८९ भागिले १.७७ म्हणजे ५० टक्के. हा आकडा बघून 'औषधाने आणखी बिघडलं' म्हणत घाबरून आलेले नातेवाईक मी पाहिलेत. खालची संख्या वाढली म्हणून भागाकार कमी आला, एवढंच. हे गुणोत्तर निदानासाठी वापरायचं असतं: औषध दिल्यानंतरही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर नळ्यांत कायमचा अडथळा आहे असं धरतात. औषधाचा गुण आला की नाही हे त्यावरून ठरवत नाहीत.

आता आत काय चालतं ते सांगतो.

मुख्य श्वासनलिकेला छातीत दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असं सुमारे २३ वेळा होत होत ती वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत पोचते. सीओपीडीचा खरा मुक्काम असतो तो दोन मिलिमीटरहून बारीक नळ्यांत. निरोगी माणसात या नळ्यांचा एकूण अडथळ्यातला वाटा इतका थोडा असतो की त्यातल्या बऱ्याच खराब झाल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही. १९६८ मध्ये जेम्स हॉग, पीटर मॅक्लेम आणि विल्यम थर्लबेक यांनी मृत्यूनंतर काढलेल्या फुप्फुसांत प्रत्यक्ष मोजून दाखवलं की या आजारात अडथळा वाढतो तो प्रामुख्याने याच बारीक नळ्यांत. म्हणूनच धाप लागू लागते तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

या नळ्या अरुंद होण्याची कारणं वेगवेगळी, आणि त्यातली कुठली औषधाने हलते हे समजून घेणं महत्त्वाचं. वर्षानुवर्षं धूर गेल्याने नळीची भिंत सुजून जाड होते, तिच्यात व्रणासारखे धागे तयार होतात. आत कफ साचतो. शिवाय नळीभोवतीचे वायुकोश तिला सगळ्या बाजूंनी ताणून उघडी धरत असतात. ते विरले की नळीचा आधार जातो आणि श्वास सोडताना ती आपोआप मिटते. यातलं बहुतेक सगळं कायमचं. कुठल्याही पंपाने ते परत येत नाही. पण नळीच्या भिंतीत गोलाकार गुंडाळलेला एक स्नायू असतो, आणि तो रात्रंदिवस थोडासा आवळलेला असतो. मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस तिथे ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडत राहते, म्हणून हा आवळ. निरोगी नळीत त्याने काही बिघडत नाही. आधीच अरुंद झालेल्या नळीत मात्र तेवढाच आवळ भारी पडतो, कारण बारीक नळीतला अडथळा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त दहा टक्क्यांनी वाढली तरी अडथळा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. औषधाला मिळणारी जागा एवढीच. पण ती वाया घालवण्यासारखी नाही.

टायोट्रोपियम स्नायूवरच्या ज्या खाचेत ॲसिटिलकोलिन बसतं तिथे आधीच जाऊन बसतं. या खाचांचे प्रकार असतात. स्नायू आवळणारी ती एम३. नसेच्या टोकावर असणारी एम२, जी ॲसिटिलकोलिनचं सुटणं आवरते. टायोट्रोपियम एम२ वरून लवकर निघतं आणि एम३ वर एका दिवसाहून जास्त वेळ चिकटून राहतं, म्हणून दिवसातून एकदाच, १८ मायक्रोग्रॅम पुरतं. दुसरा मोठा वर्ग साल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, इंडाकॅटेरॉल यांचा. ते वेगळ्या दाराने जातात: स्नायूवरच्या बीटा-२ खाचेत बसून पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप देणारा रेणू वाढवतात, पेशीतलं मोकळं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. साल्ब्युटामॉल पाच मिनिटांत लागू होतं आणि चार-सहा तासांत उतरतं. फॉर्मोटेरॉल जवळपास तितकंच चटकन लागू होऊन बारा तास टिकतं, इंडाकॅटेरॉल चोवीस तास. दोन्ही वर्ग एकत्र दिले तर परिणामात भर पडते, कारण रस्तेच वेगळे.

आजीच्या तोंडून धोतऱ्याच्या पानांच्या विडीबद्दल ऐकलेलं अनेकांना आठवत असेल. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायची ही पद्धत १८०२ च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं तिकडे दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. धोतऱ्यातली अल्कलॉइडं, ॲट्रोपिन वगैरे, हीच एम३ खाच अडवतात. पण ती सगळ्या अंगभर पसरतात आणि मेंदूतही शिरतात. धोतऱ्याने माणूस बरळतो तो त्यामुळे. टायोट्रोपियमच्या रेणूतल्या नायट्रोजनला कायमचा विद्युतभार दिलेला आहे, त्यामुळे ते श्वासनळीच्या अस्तरातून रक्तात कमी जातं आणि मेंदूत जवळजवळ पोचत नाही. गावाकडे अजून कुणी धोतरा सुचवत असेल तर कृपा करून ऐकू नका. एका पानात किती विष आहे याचा काही नेम नसतो, आणि त्याने माणसं दगावतात.

आता देवळाचा रस्ता.

बसलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला पंधरा धरले तर एका श्वासाला चार सेकंद. त्यातले अडीच सेकंद हवा सोडायला मिळतात. आईंच्या अरुंद नळ्यांतून तेवढ्या वेळात हवा कशीबशी निघते. त्या चालू लागल्या की श्वास तीसवर जातात, एका श्वासाला दोन सेकंद उरतात आणि सोडायला जेमतेम एक-सव्वा. हवा पूर्ण निघायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो. थोडी हवा शिल्लक राहते. पुढच्या श्वासात आणखी थोडी. वीसेक पावलांत छाती इतकी भरते की नवा श्वास घ्यायला वर जागाच उरत नाही. एसटी स्टँडवर आलेल्या गाडीतून उतरणारे उतरलेच नाहीत तर दारातल्याने कितीही जोर लावला तरी तो चढणार कुठे, तशी ही अवस्था. आईंना वाटतं, 'श्वास आत जात नाही.' वाटणं अगदी खरं. पण तो जात नाही, कारण आधीचा बाहेर पडलेला नाही.

ही भावना काय असते हे तुम्हाला स्वतःला अनुभवता येईल. तुमची प्रकृती चांगली असेल तरच, आणि बसून करा. छाती भरून श्वास घ्या. त्यातला थोडासाच सोडा आणि तिथूनच पुढचा श्वास घ्या. असे पाच-सहा श्वास वरच्या वर घ्या, खालपर्यंत सोडू नका. आणि त्याच अवस्थेत समोरच्याला आज काय भाजी केली ते सांगायचा प्रयत्न करा. वाक्य मधेच तुटतं, खांदे वर जातात, मानेच्या शिरा ताणतात, आणि पोटात एक भीती उभी राहते. निरोगी माणूस हे दहा सेकंदांत थांबवू शकतो. तुमच्या आईंना अंगण झाडताना ते थांबवता येत नव्हतं.

भरलेल्या छातीचा आणखी एक जाच असतो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, एरवी घुमटासारखं वर उचललेलं असतं आणि आकुंचन पावताना खाली येऊन हवा ओढतं. छाती कायम भरलेली राहिली की ते आधीच सपाट होतं, त्याच्या स्नायूंची लांबी कमी होते आणि आखूड झालेला स्नायू जोर देऊ शकत नाही. शिवाय आत अडकलेल्या हवेचा दाब असतो. तो मोडून काढल्याशिवाय बाहेरची हवा आत सरकायला सुरुवातही होत नाही. म्हणजे प्रत्येक श्वासाचा पहिला हिस्सा नुसता फुकट जोर. मेंदू हुकूम देतो मोठा, आणि छाती हलते एवढीशी. मला तर वाटतं धापेतला घाबरेपणा या तफावतीतूनच येतो. म्हणूनच 'घाबरू नकोस, शांत हो' असं सांगून तो जात नाही.

इथे औषधाने नळ्या किंचित सैल केल्या तर काय होतं? तेवढ्याच एक-सव्वा सेकंदात थोडी जास्त हवा बाहेर पडते. प्रत्येक श्वासाला थोडी. छाती भरत जाण्याचा वेग कमी होतो, श्वासपटल पुन्हा जरा वर येतं आणि वर श्वास घ्यायला जागा मोकळी राहते. या मोकळ्या जागेला इन्स्पिरेटरी कपॅसिटी म्हणतात: साधा श्वास सोडून झाल्यावर तिथून पूर्ण आत किती घेता येतं ते. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले डेनिस ओडॉनेल यांनी या एका गोष्टीवर अनेक वर्षं काम केलं. २००४ साली त्यांच्या गटाने टायोट्रोपियमवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सायकल चालवताना रुग्णांची ही मोकळी जागा मोजली, आणि सहा आठवड्यांनी औषध घेणारे खोट्या औषधावरच्या रुग्णांपेक्षा सुमारे एक पंचमांश जास्त वेळ टिकले. मोकळ्या जागेतली वाढ होती साधारण २०० मिलिलिटर. ऐकायला किरकोळ वाटते. पण चालताना प्रत्येक श्वास ज्याला छपराला टेकून घ्यावा लागतो, त्याला प्रत्येक श्वासामागे जादा मिळालेले २०० मिलिलिटर म्हणजे देवळापर्यंतचा रस्ता.

मग पहिल्या सेकंदाचा आकडा हे का दाखवत नाही? एक तर ती तपासणी पूर्ण ताकदीने फुंकायची. फुंकायचा जोर बाहेरून नळ्यांवर पडतो आणि आधार गेलेल्या नळ्या तिथेच मिटतात, मग स्नायू सैल असो वा नसो. रोजच्या जगण्यात आई अशा फुंकत नाहीत. दुसरं, त्या दिवशी तपासणीत दिलेलं औषध टायोट्रोपियम नव्हतंच. बहुतेक ठिकाणी साल्ब्युटामॉलचे ४०० मायक्रोग्रॅम देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. एका औषधाच्या एका मात्रेवरून दुसऱ्या वर्गातल्या, रोज घ्यायच्या औषधाचा गुण येईल की नाही हे कळत नाही. टायोट्रोपियमचा पूर्ण परिणाम जमायलाच काही दिवस जातात. 'रिव्हर्सिबिलिटी नाही (तपासणीत औषधाने आकडा सुधारला नाही), म्हणून पंपाचा उपयोग नाही' असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे, आणि या एका वाक्यापायी बरीच माणसं अनेक वर्षं नाहक धापत काढतात. याची मला मनापासून चीड येते.

औषधाचा गुण बघायचा असेल तर पुढच्या भेटीला हे विचारा: साध्या स्पायरोमीटरवरच इन्स्पिरेटरी कपॅसिटी मोजता येते, ती मोजाल का? आणि सहा मिनिटांत आई किती मीटर चालतात हे बघाल का? तिथे तीसेक मीटरचा फरकही रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. दवाखान्यात शक्य नसेल तर घरची मापं लिहून ठेवा. देवळापर्यंत किती वेळा थांबल्या, अंघोळीनंतर किती वेळ बसून राहिल्या, जेवताना घासांच्या मधे श्वास घ्यायला थांबतात का. मी या नोंदींवर फार विसंबतो. अंघोळ आणि जेवण या दोन गोष्टी रिपोर्टपेक्षा आधी बदलतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जन्मभर का. इथे मी औषधाचं खोटं कौतुक करणार नाही. ते फुप्फुस दुरुस्त करत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अपलिफ्ट चाचणीत जवळपास ६,००० रुग्णांना चार वर्षं टायोट्रोपियम किंवा खोटं औषध देऊन बघितलं. फुप्फुसाची क्षमता दरवर्षी ज्या वेगाने घसरते, तो वेग त्या सगळ्या रुग्णांत मिळून बदलला नाही. पण पूर्ण चार वर्षं औषध घेणाऱ्यांची क्षमता वरच्या पातळीवर राहिली, त्यांचं जगणं सुसह्य झालं आणि आजार एकदम उसळण्याचे प्रसंग कमी झाले. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रत्येक उसळीनंतर माणूस पूर्वीच्या जागेवर पूर्णपणे येतोच असं नाही, आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर पुढचे काही महिने फार जोखमीचे असतात. औषध थांबवलं की काही दिवसांत नळीचा स्नायू पुन्हा आवळतो आणि छाती पुन्हा भरू लागते. सवय लागली म्हणून धाप परत येत नाही; आजार तिथेच होता म्हणून येते. 'पंपाची सवय लागते' ही भीती आईंच्या शेजारणी घालतीलच, तेव्हा हे सांगा.

घसरणीचा वेग कमी करणारी गोष्ट एकच सिद्ध आहे: धूर थांबवणं. १९९४ च्या लंग हेल्थ स्टडीत सिगारेट सोडलेल्यांची घसरण मंदावली, आणि त्याच अभ्यासात इप्राट्रोपियम या टायोट्रोपियमच्या आधीच्या औषधाने ती मंदावली नाही. चुलीचा धूर हाही धूरच. तेव्हा पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी लंडनचे श्वसनतज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते नेमकं याच विषयावर, कधीही सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर. २०१६ सालच्या अंदाजानुसार भारतात या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण होते, आणि त्यात तुमच्या आईंसारख्या बायका कमी नाहीत. घरात गॅस आला का, असं विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. मी पुढे विचारतो, अंघोळीचं पाणी कशावर तापतं? भाकरी कशावर? तिथे चूल निघते. आईंच्या घरी ती अजून पेटत असेल तर टायोट्रोपियम एका बाजूने नळ्या सैल करेल आणि चूल दुसऱ्या बाजूने त्या जाड करत राहील. पाणी तापवायची चूल आधी बंद करा, कारण ती रोज पेटते आणि बरेचदा ओल्या लाकडांवर.

आणि औषध आत पोचतंय का, ते बघा. हे फार कमी जण बघतात. आई बहुधा रोटाहेलरने, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या छोट्या यंत्राने, औषध घेत असतील. एक दिवस शेजारी बसा आणि मधे न बोलता नुसतं बघा. कॅप्सूल स्ट्रिपमधून वापरायच्या वेळीच काढतात का? पावसाळ्यात आधीच डबीत काढून ठेवलेल्या कॅप्सूल दमट होतात आणि पावडर गोळा होऊन आतच चिकटते. कॅप्सूल बसवून खालचा भाग फिरवला की ती दुभंगते. मग आधी तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडायचा, यंत्रात फुंकायचं नाही. यंत्राचं तोंड ओठांत घट्ट धरून एका दमात जोरात आणि खोल ओढायचं. दहा सेकंद श्वास धरायचा, तेवढा जमत नसेल तर जमेल तितका. मग यंत्र उघडून बघायचं; पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण मी दरवर्षी बघतो, आणि त्यांत शिकलेली माणसंही असतात. गिळलेलं टायोट्रोपियम आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, म्हणजे नळ्यांना काही मिळत नाही.

आईंना जोरात ओढता येत नसेल, ओढताना खोकला येत असेल, तर फवाऱ्याचा पंप स्पेसर, म्हणजे मधे जोडायची पोकळ नळी, लावून घ्यायचा. त्यात उलट, सावकाश ओढायचं. दोन यंत्रांच्या या दोन उलट रीतींची गल्लत फार होते, म्हणून एका घरात शक्यतो एकाच प्रकारचं यंत्र असावं असं मी सांगतो. पावडर किंवा फवारा डोळ्यात जाऊ देऊ नका. काचबिंदूची प्रवृत्ती असेल तर त्याने डोळ्यातला दाब चढू शकतो. तोंड कोरडं पडेल, ते चालेल. घोट घोट पाणी घ्यायचं. लघवी अडखळू लागली तर मात्र लगेच कळवायचं. ही तक्रार प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत जास्त दिसते.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण गावाकडे डेरिफायलिन घरोघरी असते, म्हणून सांगतो. तिच्यातल्या थिओफायलिनचा गुण आणि त्याचं विष यांत अंतर फार थोडं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सोबत दिलं की रक्तातलं प्रमाण चढतं, मग मळमळ, धडधड, कधी झटकेही. साल्ब्युटामॉलची ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पंपाच्या दोन फवाऱ्यांच्या वीस पट औषध, आणि ते सगळं अंगातून फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि नळ्यांना पोचायचं ते थोडंच पोचतं. घरी कुणी ही गोळी 'पंपापेक्षा हलकी' म्हणून देत असेल तर थांबवा.

स्टेरॉइडचा पंप सीओपीडीत सगळ्यांना लागत नाही. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३०० च्या वर आणि वारंवार उसळी येत असेल तर तो उपयोगी पडतो. १०० च्या खाली असतील तर फायदा नगण्य आणि न्यूमोनियाची जोखीम वाढलेली. सोबत दमाही असेल तर हिशेब वेगळा, तिथे स्टेरॉइडचा पंप हवाच. आईंना आत्ता टायोट्रोपियमने गुण आहे. धाप पुन्हा वाढली तर पुढची पायरी बहुधा दुसऱ्या वर्गातलं लांब पल्ल्याचं औषध त्यात मिळवणं ही असेल. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र महिनोन् महिने चालू ठेवू नका. उसळीच्या वेळी पाचेक दिवस दिल्या तर पुरतात.

एक गोष्ट फुकट आहे आणि औषधाच्या दिशेनेच काम करते. चालताना ओठ शीळ घालताना करतो तसे करून श्वास सावकाश सोडायचा, आत घेण्याच्या दुप्पट वेळ. त्याने नळ्यांत थोडा दाब टिकतो, त्या मिटायच्या थांबतात आणि श्वासाचा वेग आपोआप उतरतो. आता आई चालू लागल्याच आहेत तर रोज थोडं अंतर वाढवू द्या. औषधाने छातीत जागा केली तरी दोन वर्षं बसून राहिलेले पाय लवकर थकतात, आणि थकलेले पाय श्वास वाढवतात. चालायच्या वेळेआधी पंप घेतलेला असला तर बरं.

उद्याच करायची एक गोष्ट आहे. आईंच्या डोळ्यात घालायचे थेंब चालू असतील तर बाटलीवरचं नाव बघा. टिमोलॉल असेल तर डोळ्यांच्या आणि छातीच्या, दोन्ही डॉक्टरांना लगेच फोन करून सांगा. विचारल्याशिवाय अचानक बंद करू नका. ते थेंब नाकावाटे रक्तात जातात आणि बीटा खाच अडवून नळ्या आवळतात. काचबिंदूसाठी दुसरे थेंब मिळतात. आणि कफ अचानक वाढला, पिवळा-हिरवा झाला, बोलताना एक वाक्य पुरं होईना, किंवा आई दिवसाही गुंगीत दिसू लागल्या, तर पंपाची मात्रा वाढवत घरी वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.